कॅल्शियमची बाटली

"आई, अण्णांची गोळी राहिली."

वर्षा, माझी सून, शिलाई मशीनच्या शेजारी येऊन उभी राहिली. हातात पाण्याचा पेला आणि चेहरा असा, की गोळी जशी तिलाच घ्यायची होती.

"राहिली नाही, मी ठेवलीय," मी पाय न थांबवता म्हटलं. "आज चतुर्थी. चंद्र उगवेपर्यंत त्यांच्या पोटात वरीचा दाणा जायचा नाही. उपाशीपोटी दुखण्याची गोळी देऊन आतडी जाळायचीत का त्यांची?"

"दवाखान्यात सांगितलंय, वेळ चुकवायची नाही. दुखायची वाट बघायची नाही."

"दवाखान्यातल्यांचं काय जातं सांगायला? गोळ्या म्हणजे काय फुटाणे आहेत, येता-जाता तोंडात टाकायला? दिवसातनं दोन पुष्कळ झाल्या."

ती पेला तसाच घेऊन आत गेली. आमच्या शिवणक्लासच्या पोरी माना खाली घालून काजं करत होत्या. मी कमरेची किल्ली चाचपून पाहिली. गोळ्यांची बाटली मी लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवली होती, कारण ही वर्षा मला चोरून त्यांना जास्तीच्या गोळ्या देते, हे माझ्या लक्षात आलं होतं. सासऱ्याचे लाड करावेत, पण त्यालाही काही माप असतं.

आमचं गाव विटा. गावभर यंत्रमाग, आणि मागांच्या जळालेल्या मोटरींत तांब्याची तार नव्यानं भरून द्यायचं दुकान आमच्या ह्यांचं. अख्खा गाव त्यांना माळवदे मिस्त्री म्हणायचा. मीही मनातल्या मनात मिस्त्रीच म्हणायचे, तोंडावर अर्थातच 'अहो'. माझा शिवणक्लास, मला गाव माळवदेबाई म्हणे. मिस्त्री कमी बोलायचे आणि मी त्यांच्या वाटणीचं बोलायचे. पस्तीस वर्षं त्या मापानं आमचा संसार बेतलेला होता आणि कुठं उसवला नव्हता.

दिवाळीनंतर मिस्त्रींची पाठ धरली. आधी वाटलं, मोटर उचलताना लचक भरली. मी तेल लावलं, शेक दिला, लेप घातला. काही उपयोग होईना तेव्हा आमचा हेमंत त्यांना सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. मी निघाले होते, पण मिस्त्री म्हणाले, "तू कशाला हेलपाटा घालतीस? क्लास बुडंल." दोघं संध्याकाळी परत आले ते एक बाटली घेऊन. पांढरी, वर कॅल्शियमचं लेबल.

"मणक्यात नस दबलीय," हेमंतनं सांगितलं. "हाडं झिजलीत. ही हाडांच्या दुखण्याची गोळी. दर चार तासांनी द्यायची."

"चार तासांनी हाडाची गोळी? कुणी ऐकलंय का असलं?"

"सांगितलं तसं कर की आई," हेमंत म्हणाला आणि बूट काढायला दारात गेला. बूट काढायला त्याला बराच वेळ लागला.

त्या चतुर्थीला दुपारी मी मिस्त्रींच्या खोलीत डोकावले. भिंतीकडं तोंड करून पडले होते. उशीचा कोपरा मुठीत धरला होता. मी म्हटलं, "लई दुखतंय का?"

"न्हाई. हाय आपलं."

"रात्री जेवण झालं की देते गोळी."

"बरं."

एवढंच. मागितली नाही, हट्ट केला नाही. मला बरंच वाटलं. म्हटलं, बघा, सूनच उगाच बाऊ करतेय. त्यांचं पोटही साफ होत नव्हतं. दवाखान्यानं त्यासाठी एक पातळ औषध दिलं होतं, ते मी बंद केलं. म्हटलं, सवय लागते. त्याऐवजी रात्री त्रिफळा द्यायला लागले आणि दिवसा व्याख्यान, "बसून बसून कोठा जड झालाय तुमचा. जरा उठून दारापर्यंत तरी चला." मिस्त्री उठायचे. भिंतीला धरून दारापर्यंत जायचे आणि घाम पुसत परत यायचे. "झालं बघ तुझ्या मनासारखं," असं म्हणायचे आणि हसायचे.

एकदा हेमंतनं विषय काढला. "आई, अण्णांच्या गोळ्या वर्षाकडं दे. तुला क्लासचा व्याप आहे."

"का? मी काय मेलेय? नवऱ्याला गोळी द्यायला मला सवड नाही, असं गावात सांगू का?"

हेमंतनं बापाकडं पाहिलं. मिस्त्रींनी बारीकशी मान हलवली, नको म्हणून. ती मान मी पाहिली. मला वाटलं, माझी बाजू घेतली त्यांनी. त्या रात्री मी खुशीनं त्यांच्या आवडीची मुगाची धिरडी केली. त्यांनी अर्धं खाल्लं आणि मी त्यावरूनही बोलले.

शेजारच्या तांबोळीभाभी त्या दिवसांत रोज काहीतरी घेऊन यायच्या. कधी खिमटी, कधी शिरा. दारातूनच विचारायच्या, "भाईसाब कैसे हैं?" आणि माझा हात हातात घेऊन उभ्या राहायच्या. मी म्हणायचे, "अहो भाभी, पाठच दुखतेय त्यांची, काय बाळंतपण नाही." भाभी हसायच्या नाहीत. मला वाटायचं, बाईला विनोद कळत नाही.

मग एका शाळेच्या गॅदरिंगची ऑर्डर आली. कोळीनाचाचे पोषाख, सगळे आठवड्यात हवे होते. माझे गुडघे आधीच पायमशीन चालवून कामातून गेलेले. सकाळी मशीनवर बसले आणि पॅडल दाबवेना. बाम चोळला, पट्टी बांधली. शेवटी मनात आलं, की घरात हाडाच्या दुखण्याची गोळी पडलीय आणि मी बाम काय चोळतेय? त्यांच्या मणक्याला चालते ती माझ्या गुडघ्याला का चालू नये? हाड ते हाड. कपाट उघडलं, दोन गोळ्या घेतल्या आणि बाटली जवळच राहू दे म्हणून मशीनच्या खणात ठेवली.

काय सांगू, तासाभरात गुडघा लोण्यासारखा झाला. डोकं जरा हलकं झालं, नाक खाजायला लागलं, पण गुडघा माझा राहिलाच नव्हता. म्हटलं, वा, मिस्त्री उगाच कण्हतात. दुपारी जेवणाच्या वेळी मळमळत होतं म्हणून जेवले नाही आणि वर आणखी दोन घेतल्या. आमच्या क्लासची दीपाली म्हणाली, "बाई, तुमचे डोळे कसे दिसायलेत. जरा पडा की." मी म्हटलं, "आधी ह्या झालरी होऊ देत." त्यानंतरचं मला एवढंच आठवतं, की झालर मशीनखालून सरकत होती आणि ती कुठं संपेचना.

जाग आली ती एकदम, कुणी पाण्यातून केस धरून वर ओढावं तशी. सगळं अंग थरथरत होतं, ओकारी आली. गावातलाच दवाखाना होता. उजेड होता अजून. पांढऱ्या कपड्यातल्या एक ठेंगण्या सिस्टर माझ्या छातीकडं बघत श्वास मोजत होत्या.

"नाव सांगा तुमचं."

सांगितलं.

"आता बऱ्या दिसताय. डोळे मिटू नका. उताऱ्याच्या इंजेक्शनचा जोर ओसरला की पुन्हा पेंग येईल, म्हणून आज इथंच ठेवणार तुम्हाला." मग त्यांनी मोजणं थांबवलं आणि त्यांना राग काढायला सवड मिळाली. "एवढ्या शहाण्या तुम्ही, क्लास चालवता म्हणे. कॅन्सरच्या पेशंटची मॉर्फिनची गोळी आपल्या मनानं घेतात का? त्यांना रोजची झेपते, तुम्हाला कशी झेपेल? श्वास कसला पडला होता तुमचा माहितेय?"

मी म्हटलं, "कुणाचा कॅन्सर?"

सिस्टर माझ्याकडं बघत राहिल्या. माझा अजून गोंधळ आहे, असं त्यांना वाटलं असावं. हळू आवाजात, लहान पोराला सांगावं तसं म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांचा. मणक्यात उतरलेला. त्यांच्याच गोळ्या ना त्या?"

मी आयुष्यभर बोलत आले. त्या वेळी मी हाताला टोचलेली सुई चाचपत पडले.

"आणि तुमचा मुलगा तरी," सिस्टर सलाईनची नळी नीट करत म्हणाल्या, "डॉक्टर विचारतायत काय खाल्लं, बाटलीत काय आहे, आणि हा म्हणतो कॅल्शियम. दोनदा विचारलं, दोनदा कॅल्शियम. आम्ही साखर तपासत बसलो. ते मिस्टर तुमचे मागून रिक्षानं आले, त्यांना धड उभं राहवत नव्हतं, दारातूनच ओरडले, मॉर्फिन हाय, मॉर्फिन हाय म्हणून. तेव्हा कुठं आम्हाला उलगडा झाला."

पस्तीस वर्षांत मी मिस्त्रींना ओरडताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही नाही ऐकलं.

हेमंत आत आला. डोळे सुजलेले. पायाशी उभा राहिला.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"आई, तू आत्ता—"

"किती दिवस?"

"दिवाळीनंतर सांगलीला गेलो ना. तेव्हापासून."

"कोणाकोणाला ठाऊक आहे?"

त्यानं सलाईनचा स्टँड उगाच मागं सरकवला. मी म्हटलं, "वर्षाला?" त्यानं मान हलवली. "भाभींना?" पुन्हा मान. "दुकानातल्या माणसांना?" तो खिडकीकडं बघायला लागला. म्हणजे गल्लीला ठाऊक होतं, बाजाराला ठाऊक होतं. मी भाजी घ्यायला जायचे तेव्हा भाजीवाली मूठभर कोथिंबीर जास्त टाकायची, ती काय म्हणून टाकायची, ते मला आत्ता कळत होतं. सगळा गाव माझी कीव करत होता, आणि मी आपली मान ताठ करून सगळ्यांना पाठदुखीवरचे लेप सांगत होते.

"आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा? मी तिथं पडलेले असताना? तेव्हाही कॅल्शियम?"

"अण्णांनी तुझी शपथ घातली होती," हेमंत म्हणाला. "तुझ्या जिवाची. म्हणाले, आईला कळलं तर बघ. मला वाटलं, मी शपथ मोडली आणि तुला काही झालं तर... त्या वेळी काही सुचेना आई."

"म्हणजे माझ्या जिवाची शपथ मोडू नये म्हणून तू माझा जीव जाऊ देत होतास."

पोरगा तोंड झाकून रडायला लागला. एरवी मी त्याला जवळ घेतला असता. तीस वर्षांचा झाला तरी मी त्याला जवळ घ्यायचे. त्या दिवशी माझा हात उचलला नाही. हाताला सुई होती, पण सुईचं काही कारण नव्हतं.

मग तो गेल्यावर मी पडल्या पडल्या आठवत राहिले. चतुर्थ्या, एकादश्या, सोमवार. महाशिवरात्रीला तर दिवसभर एकही गोळी दिली नव्हती. मुठीत धरलेला उशीचा कोपरा. भिंतीला धरून दारापर्यंत. आमचे सगळे उपास त्यांच्या मणक्यातून गेले होते. नुसतं फसवलं असतं तर एक वेळ गिळलं असतं मी. बायकांना काही कमी फसवतात का माणसं? पण ह्यांनी माझ्याच हातानं त्यांचे हाल करवले, आणि वर 'बरं' म्हणाले. पोरानं ते बघितलं, सुनेनं पेला हातात घेऊन बघितलं, आणि तरी सगळे शपथ पाळत बसले.

दुसऱ्या दिवशी घरी आले. वर्षा ओवाळायला भाकरतुकडा घेऊन दारात आली. मी तिला बाजूला सारून सरळ खोलीत गेले. मिस्त्री उशांना टेकून बसले होते. मला बघून त्यांनी हात पुढं केला. मी तो घेतला नाही. खुर्ची ओढून समोर बसले.

"का?" मी विचारलं.

"बरी हायस न्हवं तू?"

"का सांगितलं नाही?"

ते चादरीची किनार बोटानं सरळ करत राहिले. "आक्काच्या वेळचं आठवतंय का तुला?"

आक्का माझी मोठी बहीण. तिलाही हाच रोग होता. शेवटचे महिने ती आमच्याकडं होती. मी तिचं सगळं केलं.

"तू रोज तिच्यापुढं बसून रडायचीस," मिस्त्री म्हणाले. "सकाळी रडायचीस, संध्याकाळी रडायचीस. ती मरायला टेकलेली बाई, उठून तुझं डोळं पुसायची. मी दारातनं बघायचो. तवाच ठरवलं हुतं. माझ्या वक्ताला हिला कळू द्यायचं न्हाई. मला तुझं डोळं पुसत मरायचं न्हवतं. तू भांडत ऱ्हायली पायजेस. तू भांडलीस की मला वाटायचं, काय झालं न्हाई अजून."

"आणि मी गोळ्या देत नव्हते ते?"

"सोसलं."

"एक शब्द बोलला असतात तर मी वेळच्या वेळी दिल्या असत्या."

"एक शब्द बोललो असतो तर रडली असतीस."

"नसते रडले."

"रडली असतीस," ते म्हणाले आणि हसले. त्यांना वाटलं, आता मिटलं. पाप सांगून मोकळा झालेला माणूस असतो, तसे ते मोकळे झाले होते. ते पाप कुणाच्या पदरात पडलं, ते बघायला त्यांना सवड नव्हती.

मी म्हटलं, "बघाच."

त्या आठवड्यात सांगलीच्या दवाखान्याच्या लोंढे सिस्टर घरी आल्या. मी त्यांना ओट्यापाशी बसवलं आणि म्हटलं, आता मला सगळं नव्यानं सांगा, आणि खरं सांगा. त्यांनी सांगितलं. हे दुखणं वर येऊ द्यायचं नसतं. आलं की मग दुप्पट औषधालाही ऐकत नाही. उपास असो की सण, गोळी घड्याळावर. पोटाचं पातळ औषध ह्या गोळीच्या सोबतच जातं, तिथं त्रिफळा पुरा पडत नाही. सुरुवातीची पेंग आणि मळमळ जाते. पण माणूस हाक मारून उठेनासा झाला, श्वास फार सावकाश झाला, तर पुढची गोळी द्यायची नाही, आधी फोन. एकदम बंदही करायची नाही. गोळ्या पाकिटातच राहू द्यायच्या, नावासकट, दुसऱ्या बाटलीत काढायच्या नाहीत.

"व्यसन लागतं म्हणतात," मी म्हटलं.

"दुखण्यासाठी मोजून घेणाऱ्याला त्याची भीती नसते फारशी. गरज वाढली तर आम्हाला विचारा, दुखणं वाढलं असेल." मग त्या माझ्या कमरेकडं बघून म्हणाल्या, "कुलूप मात्र ठेवा. ते तुम्ही बरोबर केलं होतं."

सगळ्या घरात तेवढं एक कुलूप बरोबर होतं.

त्यानंतर माझ्या हातून एकही गोळी चुकली नाही. क्लास बंद केला. रात्रीत दोन वेळा घड्याळाचा गजर लावायचे. अंग पुसायचे, कुशीवर वळवायचे, पाठीखाली मऊ लुगड्याची घडी द्यायचे. मिस्त्रींच्या कपाळावरची आठी गेली. उशीचा कोपरा मोकळा सुटला. आठ दिवसांत ते चक्क दुकानातल्या माणसाला तांब्याच्या तारेचा भाव विचारायला लागले. ते सुख बघून माझा संताप आणखी वाढायचा, कारण हे सुख त्यांना मणक्यातलं कळलं त्याच दिवसापासून मिळू शकलं असतं.

आणि मी भांडले नाही. त्यांना भांडणारी बायको हवी होती ना, ती त्यांना दिली नाही. "जेवा," "वळा," "गोळी घ्या," एवढंच बोलायचे. रडले तर नाहीच. हेमंत बोलायला यायचा, मी घड्याळाकडं बघायचे. वर्षा एकदा पाया पडली, म्हणाली, "आई, मी रोज सांगणार होते." मी म्हटलं, "रोज पेला घेऊन यायचीस, ते सांगणंच होतं. माझ्या लक्षात आलं नाही." तिला तेवढ्यात मी माफ केलं. बाकीच्यांना केलं नाही.

पावसाळा उतरता उतरता मिस्त्री उतरत गेले. गोळी गिळवेना तेव्हा लोंढे सिस्टरांनी औषध पातळ करून गालात सोडायला शिकवलं. एका सकाळी ते बऱ्यापैकी शुद्धीत होते. ऊन पायावर आलं होतं. मी चमच्यानं पाणी पाजत होते.

"लई दिवस झालं, भांडली न्हाईस," ते म्हणाले.

"बोलू नका. दम लागतोय."

"आता रडलीस तरी चालंल बघ."

त्यांनी हात माझ्या तोंडाकडं आणला. डोळे पुसायला बोटं वर आली होती. माझे डोळे कोरडे होते. बोटं गालावर नुसती फिरली आणि खाली पडली. ते माझ्याकडं बघत राहिले, आणि मला वाटतं, आपण काय केलं ते त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"औषधाची वेळ झाली," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ते गेले. दुखत नव्हतं त्यांना, ते मी स्वतः बघत होते. लोक म्हणाले, बाई खंबीर. तेराव्यानंतर मी उरलेली औषधं पाकिटांसकट लोंढे सिस्टरांच्या हवाली केली. घरी आले, दार लावलं आणि मशीनवर डोकं ठेवून अंधार पडेपर्यंत रडले. त्यांच्यापुढं रडायचं ते त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं होतं, आणि त्यांच्या मागं रडून ते कुणाला पोचणार होतं?

क्लास पुन्हा सुरू केला, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. हेमंत चांगला आहे, वेळच्या वेळी विचारपूस करतो. "बरी आहेस ना?" म्हणतो, मी "बरं" म्हणते. ती पांढरी बाटली मी टाकली नाही. स्वच्छ धुऊन वाळवली आणि तिच्यात ब्लाउजचे हूक भरून ठेवलेत. दर वर्षी एखादी नवी पोरगी हूक काढताना विचारतेच, "बाई, ह्याच्यावर कॅल्शियम लिहिलंय. लेबल काढून टाकू का?"

"राहू दे," मी म्हणते. "आमच्या घरात वर लिहिलेलं आत नसतं."